तिसऱ्या कॉइलची रिकामी जागा

ती वजनमापं तपासणारी निरीक्षक होती. रोज सकाळी पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, तराजूत आपलं वजन ठेवायचं आणि काटा काय सांगतो ते लिहून घ्यायचं, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. दुकानदार फार गोड बोलू लागला की ती पारडं उचलून खालून बघायची. बुडाला चिकटवलेलं शिसं तिला इतक्या वेळा सापडलं होतं की गोड बोलणं आणि शिसं यांची तिच्या डोक्यात कायमची गाठ बसली होती. "आमच्या घरी दूधवाल्यानं 'कसं काय' विचारलं तरी त्याची चौकशी बसते," असं तिचा नवरा म्हणायचा.

संध्याकाळी मात्र ती मुंगीची असायची. मुंगी ही एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम. कुणाच्या मालकीची नाही, सगळा कोड उघडा. ज्याला हवा त्याने वाचावा, सुधारावा, वाटावा. एकतीस वाचनालयं, दोन शाळा आणि कर्णबधिरांचं एक निरोपकेंद्र एवढा तिचा संसार. तिच्यात बदल करण्याचा अधिकार सात जणांकडे होता. या अधिकाराला ते किल्ली म्हणत, आणि सातांपैकी एक किल्ली हिच्याकडे होती. पगार कुणालाच नव्हता. नवरा इस्पितळात पाळीवर गेला आणि सासऱ्यांनी आपला जुना रेडिओ लावला की ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची.

त्या वर्षी मुंगीपुढे एक मोठा निर्णय येऊन उभा राहिला. वाचनालयांतले जुने कॉम्प्युटर एकामागून एक मान टाकत होते. त्यांच्या जागी पत्त्यांच्या जोडाएवढे बोर्ड बसवायचे ठरलं; फोनमध्ये असतो तसा एआरएम जातीचा प्रोसेसर, मेमरी, सगळं एकाच पट्टीवर. सातच माणसं असल्यामुळे दहा प्रकारचे बोर्ड सांभाळणं शक्य नव्हतं. एकच निवडायचा आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याच्याशीच संसार करायचा. गाळता गाळता दोन उरले. रंगावरून त्यांची नावं पडली, निळा आणि हिरवा.

हिरवा बोर्ड जुना आणि मंद होता, पण त्याची सगळी कागदपत्रं कुणालाही वाचायला मोकळी होती. निळा नवा, हिरव्याच्या दुप्पट वेगाचा. निळ्याच्या कंपनीने आपण होऊन तीन नमुने पाठवले आणि सोबत एक पत्र. 'आपल्यासारख्या निःस्वार्थ मंडळींच्या कार्यात खारीचा वाटा उचलण्याची संधी मिळावी,' असं त्यात होतं.

तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली.

"वास पण घे एकदा," सासरे म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण एका डोळ्याला लावायचं भिंग अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं.

"बाबा, एवढं लोणी कुणी उगाच लावत नाही."

"बोर्ड चालतो का ते बघ की आधी."

बोर्ड चालत होता, आणि तेच तिला खटकत होतं. तिने त्याच्यावर सगळ्यांत कठीण चाचणी लावली. प्रोसेसरचे चारही भाग पूर्ण जोमात, मेमरी काठोकाठ भरलेली, असा तो तीन दिवस चालला आणि एकदाही अडखळला नाही. हिरवा त्याच्यापुढे दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा वाटत होता. दोष सापडला असता तर ती निश्चिंत झाली असती.

बाकीच्या सहा किल्लीवाल्यांपैकी फक्त एक जण तिच्या शहरात राहत होता. त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत, कारण तो लिफ्टची देखभाल करायचा. आठ वर्षांची ओळख. तिने लिहिलेला कोड तो तपासायचा, त्याने लिहिलेला ती. निळ्या बोर्डावर मुंगी चालू करायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं, आणि सुरुवातीला तो त्या बोर्डावर अगदी लट्टू होता. मग अचानक त्याचे निरोप आखडले. आधी चार ओळींचं उत्तर यायचं, तिथे 'बघतो' एवढंच येऊ लागलं.

मतदान रविवारी होतं. बुधवारी एका भंगारवाल्याचा वजनकाटा तपासायला ती लिफ्टवाल्याच्या वर्कशॉपच्या बाजूला गेली होती, तेव्हा जिना चढून त्याच्याकडे गेली. वर्कशॉपमध्ये ग्रीस आणि तापलेल्या तांब्याचा वास होता. दारापाशी पोलादी दोरांची वेटोळी, मधे एक उघडी मोटर, आणि खिडकीखालच्या टेबलावर निळा बोर्ड. बोर्डाशेजारी एक कागद होता. त्यावर निळ्या कंपनीचा शिक्का होता आणि खाली लिफ्टवाल्याची सही. सही तिला ओळखता आली.

त्याने कागद पालथा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"निळ्याचं कुठवर आलंय रे?" तिने विचारलं.

"चालतंय."

"चालतंय म्हणजे? रविवारी मत द्यायचंय."

"तू ठरव. माझ्या मताला धरून बसू नका तुम्ही लोक."

"गेल्या महिन्यात तर उड्या मारत होतास."

"गेला महिना गेला की आता." त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, पुन्हा ठेवला. "चहा घेणार?"

तिने चहा घेतला नाही. कागदाबद्दलही विचारलं नाही. जिना उतरताना तिच्या मनात सगळं चोख बसलं. कंपनीने याला गाठलंय, याने सही केलीय, आणि आता आपलं नाव पुढे यायला नको म्हणून हा साळसूदपणे बाजूला सरकतोय. गोड पत्र, निर्दोष नमुने, पालथा कागद; पारड्याचं बूड सापडलं होतं.

गुरुवारी तिने सहाही जणांना एकत्र निरोप लिहिला. शब्द मोजून वापरले, पण मजकूर सरळ होता: लिफ्टवाल्याचे निळ्या कंपनीशी लेखी व्यवहार आहेत, त्याने ते आपल्यापासून लपवले आहेत, मी स्वतः सही पाहिली आहे. निवड होईपर्यंत त्याची किल्ली काढून घ्यावी.

मतदान सांभाळणाऱ्या मास्तरांनी, हे एका शाळेचे निवृत्त शिक्षक, रात्री गटात विचारलं, "लिफ्टवाले, यावर काही म्हणायचंय?"

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'किल्ली काढून घ्या. मी मत देणार नाही.'

"बघा," ती सासऱ्यांना म्हणाली. "काही केलं नसतं तर गप्प बसला असता का?"

सासरे रेडिओचं बटण फिरवत होते. "काही माणसं बसतात गप्प," ते म्हणाले आणि आवाज मोठा केला.

शुक्रवारी कामावरून आली तर दाराशी एक पार्सल पडलेलं. तिचं नाव-पत्ता छापील चिठ्ठीवर, पाठवणाऱ्याची जागा कोरी. आत एक पत्र्याचा डबा, डब्यात फोमच्या तुकड्यात गुंडाळलेला निळा बोर्ड. चिठ्ठी नाही, काही नाही.

आता मात्र तिचे कान टवकारले. न मागता आलेला बोर्ड आणि तो पाठवणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची लाज! तिने सगळ्यांत आधी घरच्या इंटरनेटची वायर काढून ठेवली. या पाहुण्याला बाहेर कुणाशी बोलायची सोय नको. मग नमुन्याच्या बोर्डातलं, मुंगी भरलेलं कार्ड काढून यात घातलं आणि तीच चाचणी लावली.

अडतीस मिनिटांनी बोर्ड गोठला. पडद्यावरचा शेवटचा शब्द अर्धाच राहिला.

तिने कार्ड बदललं. एकेचाळीस मिनिटं. विजेचा अडॅप्टर बदलला. छत्तीस. नमुन्याचा बोर्ड त्याच अडॅप्टरवर, त्याच कार्डावर तीन दिवस बिनघोर चालला होता.

"कुणीतरी मुद्दाम बिघडवलेला माल पाठवलाय," ती म्हणाली. "निळा पडावा म्हणून. हिरव्या कंपनीचं काम असणार."

"काल निळे चोर होते," सासरे म्हणाले. "आज हिरवे. उद्या मी आहेच."

"थट्टा नको, बाबा."

"दे इकडे दोन्ही."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, दिवा जवळ ओढला आणि चिमट्याने दोन्ही बोर्डांवरचं पत्र्याचं झाकण हलकेच उचकटलं. ते झाकण विद्युत लहरींची गडबड रोखायला बसवलेलं असतं, म्हणून तिने कधी उघडलंच नव्हतं. सासरे एकदा या बोर्डाकडे, एकदा त्या बोर्डाकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं.

"बाहेरची केस तीच, आतलं मशीन वेगळं. माझ्या दुकानात असली घड्याळं फार यायची."

नमुन्याच्या बोर्डावर झाकणाखाली तीन कॉइल होत्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, प्रोसेसरला वीज वाटून देणाऱ्या. पार्सलमधल्या बोर्डावर दोन होत्या. तिसरीची जागा रिकामी, दोन चकचकीत ठिपके आणि मधे काही नाही. शेजारची चिपही दुसऱ्याच क्रमांकाची.

"काढून घेतलीय का कुणी?"

"छे. काढली असती तर डाग राहिला असता, टोकं खरवडली असती. इथे कधी काही बसलंच नव्हतं. हा असाच जन्मला."

हे शब्द ऐकून तिचा एवढा रचलेला मनोरा हलला. बोर्ड कुणी बिघडवला नसेल, तर तो कारखान्यातून असाच निघाला. मग दुकानातले सगळेच असे? पार्सलवर विश्वास ठेवायला ती अजून तयार नव्हती. शनिवारी सकाळी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली, मुंगीचं नाव न काढता निळा बोर्ड मागितला, आणि काउंटरवर ठेवलेला सोडून आतला, सीलबंद खोक्यातला घेतला. पुढे आणखी एका दुकानातून दुसरा घेतला. घरी येऊन सासऱ्यांसमोर दोन्ही उघडले. दोन कॉइल. दोन कॉइल. एक चाळीस मिनिटांत गोठला, दुसरा तेहतीस.

म्हणजे पारड्याखालचं शिसं खरंच होतं, फक्त भलत्या पारड्याखाली. दाखवायला पाठवलेले नमुने खास बनवलेले होते आणि विकायचा माल वेगळा होता. असले खटले तिने स्वतः किती भरले होते.

तिने पत्रावरच्या नंबरावर फोन लावला. कंपनीचा माणूस सुट्टीच्या दिवशीही उत्साहात होता.

"बोला मॅडम! उद्या खुशखबर ना?"

"नमुन्याचा बोर्ड आणि दुकानातला बोर्ड एकच आहे का?"

"शंभर टक्के एकच, मॅडम."

"माझ्यासमोर दोन्ही उघडे आहेत. एकात तीन कॉइल, एकात दोन."

"ते एक छोटंसं सुधारित डिझाइन आहे. रोजच्या वापरात कळतही नाही. आणि हे पाहा, आम्ही काही लपवलेलं नाही. ज्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्यात, त्यांना कागदपत्रांत सगळं स्पष्ट दिलंय. फक्त त्यांना ते बाहेर बोलता येत नाही, एवढंच. व्यवसायात असतं असं, मॅडम."

"आमच्यापैकी कुणी सही केलीय?"

"ते मी कसं सांगणार?" तो हसला.

सांगायची गरजच नव्हती. फोन ठेवून तिने केराच्या डब्यातून पार्सलचं वेष्टन काढलं आणि टपालाचा शिक्का उजेडात धरला. मंगळवार. ती वर्कशॉपमध्ये गेली त्याच्या आदल्या दिवशी, आणि तिने तो निरोप लिहिला त्याच्या दोन दिवस आधी.

बोर्ड चालू करण्यासाठी लागणारी कागदपत्रं मिळावीत म्हणून त्याने सही केली असणार. कागद वाचले असणार, आणि मग तोंडाला कुलूप लागलं असणार. बोलला तर कंपनी कोर्टात खेचेल. न बोलला तर एकतीस वाचनालयांत चाळीस मिनिटांनी गोठणारे बोर्ड बसतील. म्हणून त्याने गुपचूप दुकानातला एक बोर्ड घेऊन डब्यातून पाठवला होता, अशा बाईला की जी न मागता आलेल्या वस्तूचं बूड तपासल्याशिवाय राहणार नाही.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, मी घाण करून ठेवलीय."

रविवारी सगळे पडद्यावर जमले, सहा चौकटी. सातवी नव्हती. तिने दुकानांतून घेतलेले दोन्ही बोर्ड दाखवले, झाकणं उघडून कॅमेऱ्यासमोर धरले, चाचणीच्या वेळा वाचून दाखवल्या. पार्सलचा उल्लेख केला नाही. कागदात काय होतं ते लिफ्टवाल्याने कुणाला कळवलं, असा नुसता वास जरी कंपनीला लागला असता तरी तो अडकला असता. हिरव्या बोर्डाला सहाच्या सहा मतं पडली.

"आणखी एक," ती म्हणाली. "लिफ्टवाल्याबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. मी ते मागे घेते. त्याची किल्ली त्याला परत द्यावी."

"का?" मास्तरांनी विचारलं.

"चूक होतं म्हणून."

"गुरुवारी तर तुम्ही सही डोळ्यांनी पाहिली होती."

"पाहिली होती."

"मग ती सही कसली होती?"

"ते मला सांगता येणार नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. वर्गात कॉपी पकडली की ते असंच करत असतील. "तीन दिवसांपूर्वी तो चोर होता, आज साव. मधे काय घडलं ते तुम्ही सांगत नाही. निळ्यातला दोषही नेमका तुम्हालाच, नेमका आदल्या दिवशी सापडतो. तुमचं दोघांचं काही ठरलंय का, असं उद्या कुणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

तिला काही सुचलं नाही. एकोणीस वर्षांत इतके दुकानदार तिच्यासमोर असे उभे राहिले होते. काही खरंच निर्दोष असतील, त्यांनाही असंच काही सुचत नसेल, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"माझ्यावर संशय घ्या," ती म्हणाली. "त्याच्यावर नको."

किल्ली परत द्यायचं चार विरुद्ध दोन असं मंजूर झालं. विरोधातलं एक मत मास्तरांचं होतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती वर्कशॉपमध्ये गेली. लिफ्टवाला मोटरीवर वाकलेला होता. त्याने वर पाहिलं, पण काम थांबवलं नाही.

"पार्सल मिळालं," ती म्हणाली.

"कसलं पार्सल?"

"डबा. निळा बोर्ड."

"मी कुणाला काही पाठवलेलं नाही." तो एकेक शब्द सावकाश बोलला, जणू तिसरं कुणी ऐकत होतं. "आणि निळ्या बोर्डाबद्दल मला काहीही बोलता येत नाही."

"कळलं."

"बरं झालं."

"मी फार वाईट वागले. सगळ्यांसमोर. माफी मागायला आलेय."

त्याने चिंधीला हात पुसले. बोटांच्या पेरांतलं ग्रीस निघालं नाही. "वाचला मी तुझा निरोप. लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो तेव्हा. वर यायला शिडी होती, पण पाय उचलेनात. तू तो कागद बघितलास, हे मला दिसलं होतं. मला वाटलं, आता ही विचारील."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही. सांगता आलंच नसतं."

"मग?"

"पण तू विचारलं असतंस. आठ वर्षं ओळखतेस. मला म्हणाली असतीस, 'काय रे, हे काय?' मी म्हणालो असतो, 'नाही सांगता येत.' आणि तू माझ्या तोंडाकडे बघून कळायचं ते कळून घेतलं असतंस. तू बघितलंच नाहीस. टेबलाकडे बघत होतीस."

खाली कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं, दोर करकरले.

"किल्ली परत दिलीय तुला," ती म्हणाली. "मंजूर झालंय, चार विरुद्ध दोन."

"नको मला."

"रागावून नको म्हणतोयस?"

"रागही आहे. पण ज्या घरात दोघं जण माझ्याविरुद्ध मत देतात, तिथे चार जणांच्या भरवशावर किल्ली घेऊन काय फिरू? आणि परत कधी काही बिघडलं की सगळे आधी माझा खिसा तपासणार." त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. "तू जा आता. दोनला मला एका इमारतीत जायचंय."

ती गेली. घरी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि त्यांनी रेडिओ लावला नाही.

पुढचे चार महिने हिरव्या बोर्डाने तिचा जीव काढला. मंद तर होताच, पण खोडीलही निघाला. मुंगीच्या गटात तिच्या प्रत्येक बदलावर आता दोघादोघांनी नजर फिरवायची असं ठरलं होतं. पूर्वी तिचं काम लिफ्टवाला एकटा तपासायचा, आणि तेवढं सगळ्यांना पुरायचं. मास्तर तिच्या कोडमधल्या स्वल्पविरामावरही प्रश्न विचारत. ती प्रत्येकाचं उत्तर देत राहिली. कामावर मात्र तिचं एक बदललं: तराजू पाहून झाल्यावर ती दुकानदाराला समोर बसवून विचारू लागली, "हे असं कसं झालं, सांगा बघू." त्यांतले बहुतेक खोटं बोलायचे. दोघं-तिघं खरं बोलले.

हिरव्या बोर्डासाठीची मुंगी बाहेर पडली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रारींच्या यादीत एक नवी नोंद आली. कुठल्याही वापरणाऱ्याला लिहिता येते ती यादी. नाव लिफ्टवाल्याचं होतं.

'दोन्ही यूएसबी जागा भरलेल्या असताना बोर्ड चालू केला तर कीबोर्ड ओळखला जात नाही. बंद करून पुन्हा केल्यास कधी जातो, कधी नाही. वर्कशॉपमध्ये एक बोर्ड आहे, त्यावर दहा वेळा करून पाहिलं. सात वेळा अपयश.'

ती नोंद तिने तीनदा वाचली. कुठे टोमणा आहे का, कुठे काही सुचवलंय का, शब्दांच्या मागे बघितलं. काही नव्हतं. कीबोर्ड ओळखला जात नव्हता, एवढंच होतं.

तिने आपल्या बोर्डावर करून पाहिलं. तिला दहात सहा वेळा अपयश आलं. दोन दिवस खपून तिने कारण शोधलं. यूएसबीला वीज पोचायच्या आधीच मुंगी घाईने कीबोर्डला हाक मारत होती. तिने हाकेआधी थोडं थांबायची एक ओळ घातली आणि नोंदीखाली लिहिलं, 'दुरुस्त केलंय असं वाटतं. बघशील का?'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'दहात दहा. पण तू थांबायला लावलेला वेळ जास्त आहे, निम्मा पुरेल.'

तिने निम्मा केला. पुन्हा दहा वेळा चालू करून पाहिलं, दहाही वेळा कीबोर्ड आला, आणि तिने ते खाली लिहून कळवलं.